दारावरची चार अक्षरं

सात नंबरचं लॉकर ओरडलं.

जिल्हा दप्तरखान्याच्या वाचनदालनात त्या वेळी पाच माणसं होती आणि पाचही जणांनी एकदम मान वर केली. बाहेर मार्चमधला बारीक पाऊस लागला होता... छत्री असो की नसो, भिजवल्याशिवाय न सोडणारा. टेबलाशी बसलेल्या माब्ली ग्लिनला आधी वाटलं, आपल्याला भास झाला. तोवर लॉकर पुन्हा ओरडलं, "बेंऽऽ!"

"कुणाचं आहे ते?" तिने शक्य तितक्या कडक आवाजात विचारलं.

खिडकीजवळचा उंच तरुण उठला. त्याच्या केसांतून अजून पाणी गळत होतं. गाल वाऱ्याने लाल झाले होते आणि कान त्याहून लाल.

"माझं... म्हणजे माझ्या मेंढीचं. दोन दिवसांचं पिल्लू आहे हो. आई गेली त्याची. दर तीन तासांनी दूध लागतं. लॉकरचं दार उघडंच ठेवलंय मी, कोंडलेलं नाहीये त्याला!"

"इथे प्राणी आणायला बंदी आहे."

"असं? कुठे लिहिलंय?"

तो वाद घालत नव्हता, खरंच विचारत होता. माब्लीने भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि मग स्वतःच ती पाटी नीट वाचली. पेन नको. शाई नको. ओले कोट नकोत. खाणंपिणं नको. मोबाईलवर बोलणं नको. कोकराबद्दल मात्र एक अक्षर नव्हतं.

मागच्या टेबलावरून दप्तरखान्याच्या प्रमुख एलिनेदबाई चष्म्यावरून बघत होत्या. तीस वर्षं जुन्या कागदांत घालवलेल्या बाई, जिवंत माणसांचं त्यांना फारसं कौतुक नव्हतं. "माब्ली, उद्या त्या पाटीवर एक ओळ वाढव," त्या म्हणाल्या. "आज मात्र आधी त्याला दूध पाजून आण. कोकराला म्हणतेय मी."

बाहेरच्या बोळात त्याने दुधाची बाटली हीटरवर ठेवून कोमट केली. एवढे मोठे, खरबरीत हात, पण कोकराची मान धरताना किती हलके झाले होते! माब्ली उगाचच तिथे उभी राहिली. तिला परत जायला काही हरकत नव्हती... पण पाय निघत नव्हता, त्याला ती तरी काय करणार?

"डोंगरावर कोकरं एप्रिलमध्ये होतात ना? हे इतक्या लवकर कसं?"

"आमचा एडका वेळेआधीच कुंपण मोडून गेला," तो म्हणाला. "प्रेमात पडल्यावर कॅलेंडर कोण बघतं?"

आपण काय बोललो ते त्याला जरा उशिरा कळलं आणि कान पुन्हा पेटले. माब्ली हसली. खळखळून, दप्तरखान्यात शोभणार नाही इतकं हसली.

त्याचं नाव इनिर प्यू. वरच्या खोऱ्यातल्या हावोद नावाच्या शेतावर तो आजोबांबरोबर राहायचा. आजोबांना तो 'ताइद' म्हणे, वेल्समध्ये सगळेच म्हणतात तसा. हावोदच्या मेंढ्या मोएल एरिर डोंगरावर चरायच्या, कधीपासून ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पन्नासएक वर्षांपूर्वी चराईच्या हक्कांची नवी नोंदवही झाली, तेव्हा खोऱ्यातल्या सगळ्या घरांनी अर्ज भरले. ताइदनी भरला नाही.

"का पण?"

"म्हणाले, त्या मेंढ्या कुणाच्या ते अख्ख्या खोऱ्याला माहीत आहे, कागदाला कशाला सांगू?" इनिरने बाटली जरा तिरपी केली. "आता डोंगर एका झाडं लावणाऱ्या कंपनीने विकत घेतलाय. ते म्हणतात, हक्क दाखवा नाहीतर मेंढ्या खाली न्या. जुनी चूक दुरुस्त करता येते, पण जुना पुरावा हवा. मुदत तीस मार्चपर्यंत. आणि डोंगर पूर्वी होता प्लास अवेल इस्टेटीचा..."

"आणि इस्टेटीचं दप्तर आमच्याकडे आहे," माब्लीने वाक्य पुरं केलं. तिला कोण आनंद झाला! दोन वर्षं ती त्याच दप्तराची सूची करत होती. इस्टेटीची कचेरी दर वर्षी भरायची आणि कुळांमधले बारा पंच शपथ घेऊन सांगायचे: कोण कुठे चारतो, कुणाची मेंढी कुणाच्या कुरणात शिरली, कुणी कुंपण पुढे सरकवलं. ती सगळी भांडणं चर्मपत्रांच्या गुंडाळ्यांवर लॅटिनमध्ये लिहिलेली होती आणि हे सगळं तिच्याइतकं अख्ख्या वेल्समध्ये कुणी वाचलेलं नव्हतं. निदान तिचं तरी तसं मत होतं.

मागणीची चिठ्ठी कशी भरायची ते तिने त्याला शिकवलं. "तीन प्रती असतात. एक माझ्याकडे, एक कागदाबरोबर, आणि एक फळीवर, कागद जिथून उचलला तिथे."

"म्हणजे काही उचललं की त्याच्या जागी आपलं नाव ठेवायचं?"

"हो. नाहीतर गेलं कुठे ते कळणार कसं?"

"चांगला नियम आहे," इनिर गंभीरपणे म्हणाला. "दप्तरखान्याबाहेरही पाळायला हवा लोकांनी."

मग तो दर मंगळवारी आणि गुरुवारी येऊ लागला. कोकरू मात्र गाडीत थांबायचं, त्याचं नाव आता 'सात' पडलं होतं. माब्ली गुंडाळी उलगडायची, ती पुन्हा वळू नये म्हणून कडांवर शिसं भरलेल्या कापडी माळा ठेवायची आणि एकेक ओळ त्याला जुन्या काळच्या गोष्टीसारखी नव्हे, तर शेजारच्या घरातल्या बातमीसारखी वाचून दाखवायची. दोघांची डोकी एकाच दिव्याखाली यायची. त्याच्या स्वेटरला ओल्या लोकरीचा वास होता. पहिल्या दिवशी तिला तो वास उग्र वाटला होता. तिसऱ्या दिवसापर्यंत गुरुवार उजाडला की तिला तो वास आधीच यायला लागायचा.

"हे बघा, १७११. कुणा ग्रिफिथची डुकरं भर प्रार्थनेत चर्चमध्ये शिरली."

"ग्रिफिथ? खालच्या पुलाजवळचे? अहो, अजून तसेच आहेत ते!"

"हळू बोला. एलिनेदबाई बघताहेत."

"त्या तुमच्याकडे बघताहेत. तुम्ही मघापासून तीच ओळ वाचताय."

खरंच होतं ते. माब्लीने घाईघाईने गुंडाळी पुढे सरकवली.

पण हावोदच्या प्यूंचा डोंगर काही सापडेना. हम्फ्री प्यू नावाचा पूर्वज होता, हावोदचं घर आणि खालची शेतं त्याच्या नावावर होती. शेजारच्या प्रत्येक घराची मोएल एरिरवरची चराई पंचांनी सांगितली होती. हम्फ्रीची मात्र नाही. सूची माणसांच्या नावांनी लावलेली होती; तिच्यातला 'प्यू' हा शब्द माब्लीने तीनदा तपासला, चार पिढ्या मागे आणि चार पुढे.

"नाहीये," एका गुरुवारी ती म्हणाली. तिलाच ते म्हणवेना. "असतं तर सूचीत आलं असतं. माझी सूची पक्की आहे, इनिर."

इनिर बराच वेळ पेन्सिल बोटांत फिरवत राहिला.

"वर कुंपण नाही, माहितीये?" तो हळूच म्हणाला. "एकही नाही. तरी आमच्या मेंढ्या आपली जागा सोडत नाहीत. आई कोकराला फिरवून दाखवते... इथलं गवत, इथला आडोसा, याच्या पलीकडे जायचं नाही. ते कोकरू मोठं झालं की आपल्या कोकराला दाखवतं. असं चालत आलंय. एकदा खाली आणल्या, विकल्या, की संपलं. नव्या मेंढ्यांना हे कोण शिकवणार? मी?" तो हसला, पण ते हसू खरं नव्हतं. "सोमवारी बाजार आहे. हाकलून देण्याची वाट बघण्यापेक्षा चांगल्या घरी दिलेल्या बऱ्या."

"अजून दिवस आहेत—"

"तुम्ही खूप केलंत माझ्यासाठी," तो म्हणाला आणि निघून गेला. टोपी टेबलावरच राहिली.

एलिनेदबाईंनी दोन बोटांनी ती टोपी उचलून माब्लीसमोर ठेवली. "विसरला की ठेवून गेला?"

"विसरले असतील, बाई."

"हं. तीस वर्षं बघतेय मी हे. विसरणारे छत्र्या विसरतात."

रविवारी माब्ली टोपी द्यायला हावोदला गेली. पोस्टाने पाठवता आली असती, हे तिला कळत होतं. अरुंद रस्त्याने तिची छोटी गाडी धापा टाकत वर चढली. दोन्ही बाजूंना दगडी बांध, ओले नेचे, आणि माथ्यावर ढगात गेलेला मोएल एरिर. इनिर कुत्र्यांना घेऊन मेंढ्या गोळा करायला वर गेला होता. स्वयंपाकघरात ताइद एकटेच बसले होते, आणि 'सात' चुलीपुढे दूध पिऊन टम्म फुगून झोपलं होतं.

"तूच का ती कागदवाली?" ताइदनी तिला आपादमस्तक न्याहाळलं.

"मीच."

"बस. चहा घे. ब्रेड घे, मनुका भरपूर आहेत त्यात." त्यांनी कप पुढे ढकलला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "अर्ज माझ्या खिशात होता, पोरी. महिनाभर. मग चुलीत टाकला. मला वाटलं, कागदापुढे मान कशाला तुकवायची... आता पोर मान खाली घालून मेंढ्या आणतंय."

माब्लीने कप दोन्ही हातांत धरला. इतक्यात दारात पावलं वाजली आणि पाठोपाठ धाडकन आवाज झाला.

"आई गंऽऽ!"

"सत्तावीस वर्षं याच घरात राहतोय," ताइद म्हणाले, "आणि अजून त्या चौकटीवर डोकं आपटतो."

माब्ली धावली. इनिर कपाळ धरून उंबऱ्यातच उभा होता, भिजून चिंब. तिला बघून कळ विसरला. "तुम्ही? इथे?"

"टोपी... बघू, लागलं का?" तिने त्याचा हात बाजूला केला. तो वाकला. तिची बोटं त्याच्या कपाळावर होती, त्याचा श्वास तिच्या मनगटावर, आणि तो क्षण असाच लांबला असता तर कुणाची ना नव्हती. पण माब्लीची नजर वर गेली. दारावरच्या आडव्या दगडात शेवाळाआड अक्षरं कोरलेली होती. एच. पी. आणि शेजारी एल. आर. खाली १७१९.

"एच. पी. म्हणजे हम्फ्री प्यू," ती पुटपुटली. "मग एल. आर. कोण?"

"त्याची बायको, लाउरी," आतून ताइद म्हणाले.

"लाउरी प्यू? मग आर कसा?"

ताइद खो खो हसले. "लाउरी, रिदर्खची मुलगी. लग्न झालं म्हणून बाप बदलतो का? तेव्हा बायका नाव बदलत नव्हत्या आपल्याकडे. ती इंग्लिश रीत मागाहून आली. एवढी शिकलीस आणि हे ठाऊक नाही?"

ठाऊक होतं. तेच तर दुखलं. कॉलेजच्या पहिल्या वर्षाला शिकली होती, परीक्षेत लिहिलं होतं, मार्कही मिळाले होते. आणि दीड वर्षापूर्वी एका गुंडाळीवर 'लाउरी, रिदर्खची मुलगी, मोएल एरिरवर...' असं वाचलं, तेव्हा या इस्टेटीत रिदर्खचं शेतच नाही म्हणून तिने ती नोंद 'अनोळखी स्त्रिया' या भागात ढकलून दिली होती. बाई लग्नाची असती तर नवऱ्याच्या नावाखाली असती, असं धरून चालली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा! आणि तो कळसाही असा की इनिर रोज त्यावर डोकं आपटत होता.

"इनिर, उद्या मेंढ्या नेऊ नकोस."

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"ट्रक सकाळी सहाला येणार आहे."

"नको येऊ दे. तुझ्या डोंगराची नोंद आहे. बायकोच्या नावाने आहे. मी वाचलीये आणि मीच चुकीच्या जागी लावलीये." ती थांबली. खोटा धीर देणं तिच्या स्वभावात नव्हतं. "पण पुढे काय लिहिलंय ते आठवत नाही. दप्तरखाना मंगळवारी उघडेल. कदाचित उपयोगाचं नसेलही. गुरुवारी याच तोंडाने मी तुला 'नाहीये' म्हटलं होतं... माझी सूची, माझीच चूक."

पाऊस पागोळ्यांवरून टपटपत होता. इनिर तिच्याकडे बघत राहिला, खूप वेळ, जणू डोंगरावरचं हवामान बघतोय.

"ताइद," तो मान न वळवता म्हणाला, "ट्रकवाल्याला फोन करा. येऊ नको म्हणावं."

"एका कागदवालीच्या शब्दावर?"

"हो," इनिर म्हणाला. "एका कागदवालीच्या शब्दावर."

मंगळवारी दालन उघडायच्या आधीच माब्लीने एलिनेदबाईंना सगळं सांगितलं, आणि चूक लिहून सहीनिशी पुढे ठेवली. बाईंनी चष्मा काढला.

"तुझी कायमची नेमणूक पुढच्या महिन्यात ठरायचीये, लक्षात आहे ना?"

"आहे."

"आणि तरी लेखी देतेस?"

"हक्काच्या सुनावणीत सूची खोटी का पडली ते विचारतील ना, बाई. सांगावं लागेलच."

"मग आधी ती गुंडाळी आण. ओरडायला मला दुपार पुरेल."

गुंडाळी १७२६ सालची होती. माब्लीचं बोट हवेत, अक्षरांच्या किंचित वर फिरत होतं. इनिर शेजारी श्वास रोखून बसला होता.

"बारा पंच शपथेवर सांगतात," ती वाचू लागली, "की लाउरी, रिदर्खची मुलगी, हावोदच्या घराच्या हक्काने, मोएल एरिरवर... ओढ्यापासून वरच्या दगडांच्या राशीपर्यंत मेंढ्या चारते, जशी तिची आई चारत होती. आणि तिच्यानंतर त्या घरात जो चूल पेटवील, तोही चारील."

"ओढा... आणि दगडांची रास," इनिर पुटपुटला. "माब्ली, काल मी मेंढ्या परत सोडल्या ना, तर त्या गेल्या आणि बरोब्बर तिथेच थांबल्या. तीनशे वर्षं झाली! त्यांना हे कुणी वाचून दाखवलं?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते गालावरून ओघळून हनुवटीवर आलं आणि माब्लीने झटकन गुंडाळी बाजूला ओढली.

"रड, पण कागदावर नको!"

मग दोघंही हसत सुटले आणि दालनातले सगळे वळून बघू लागले. एलिनेदबाई मात्र त्या दिवशी कुणालाच गप्प करायला उठल्या नाहीत.

अर्ज अठ्ठावीस तारखेला गेला. या वेळी सही ताइदनी केली, आणि पाकीट स्वतः पेटीत टाकून, ते खाली पडल्याचा आवाज ऐकूनच ते हलले. सुनावणीत माब्लीने न लपवता सगळं सांगितलं: नोंद कुठे होती, कुणी चुकवली, कशी सापडली. कंपनीच्या वकिलाने तिला दोनदा विचारलं, "म्हणजे तुमची सूची चुकीची होती?" आणि तिने दोनदा "हो" म्हटलं. मे महिन्यात निकाल आला. मोएल एरिरवर ओढ्यापासून दगडांच्या राशीपर्यंत हावोदच्या मेंढ्यांचा हक्क मान्य झाला.

त्याच आठवड्यात एलिनेदबाईंनी माब्लीसमोर एक पत्र आपटलं. नेमणूक झाली होती. "खूश होऊ नकोस," त्या म्हणाल्या. "इस्टेटीतल्या प्रत्येक बाईला तिच्या स्वतःच्या नावाने शोधून सूची नव्याने करायचीये. सहा वर्षांचं काम आहे. शिक्षाच समज."

शिक्षा भोगणारं माणूस इतकं हसत नाही, पण माब्ली हसत होती.

गुरुवारी दार उघडलं आणि इनिर आत आला. पाऊस होताच. त्याने कोट बाहेर टांगला, पाटीवरची नवी ओळ वाचली — 'कोकरू आणू नये' — आणि आज्ञाधारकपणे रिकामे हात दाखवले. मग टेबलाशी येऊन मागणीची एक चिठ्ठी घेतली, पेन्सिलने बराच वेळ काहीतरी लिहिलं आणि ती तिच्यापुढे सरकवली.

"हे काय? आज कुठली गुंडाळी हवीये तुला?"

"मागणी नाहीये. तक्रार आहे," इनिर म्हणाला. कान पहिल्या दिवसासारखेच लाल होते. "माझ्याकडचं काहीतरी उचलून नेलंय. मार्चपासून जागेवर नाही. आणि नेणाऱ्याने नाव ठेवलेलं नाही."

माब्लीने चिठ्ठी वाचली. 'काय नेलं' याच्यापुढे त्याच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं: इनिर प्यूचं मन. 'किती काळासाठी' याच्यापुढे: परत नको. 'कोणी नेलं' ही ओळ कोरी होती.

तिने तळहात चिठ्ठीवर घट्ट ठेवला.

"पेन देऊ?" त्याने हळूच विचारलं. "पुसलं जायला नको."

"पेनला बंदी आहे. नियम म्हणजे नियम." तिने पेन्सिल उचलली. मग थांबली आणि त्याच्या डोळ्यांत बघितलं. "एक सांगते. पुढेमागे लग्नबिग्न झालं, तरी मी माझंच नाव लावणार. चालेल?"

"चालेल?" इनिर म्हणाला. "अगं, बदललंस तर तीनशे वर्षांनी सापडशील कशी? आणि दारावर जागा आहे अजून तुझ्या दोन अक्षरांना... फक्त वाकून ये, डोकं आपटेल."

मागच्या टेबलावरून आवाज आला, "माब्ली, ती चिठ्ठी नीट भर. अर्धवट भरलेली मी स्वीकारत नाही."

माब्लीने कोऱ्या ओळीवर आपलं पूर्ण नाव लिहिलं, माब्ली ग्लिन. पेन्सिल तिने जरा दाबूनच धरली होती, तिन्ही प्रतींवर उमटायला हवं होतं.